नंदामावशीच्या माश्या

"ताई, या शनिवारी काय? माश्या मारणार?"

"हो गं. सकाळच्या गाडीनं निघते."

न्युरेम्बर्ग आणि हायडेलबर्ग यांच्या मधल्या फोनवर दर शुक्रवारी संध्याकाळी एवढं बोलणं व्हायचंच, आणि दोघी बहिणी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. बहिणींचे विनोद शिळे होत नाहीत. ते लोणच्यासारखे मुरतात.

विनोदात खोटं काहीच नव्हतं. नंदा खरोखरच फ्लाय फिशिंग करायची. पिसं आणि दोरा गुंडाळून गळालाच खोट्या माशीचं रूप द्यायचं, ती माशी पाण्यावर अलगद टाकायची आणि तिला ट्राउट मासा भुलतो का ते बघत गार पाण्यात उभं राहायचं. बहुतेक वेळा तो भुलायचा नाही. म्हणजे मराठीत ज्याला माश्या मारणं म्हणतात तेच. फक्त त्याला इथे रबरी बूट आणि सरकारी परवाना लागायचा.

नंदा मूळची वैनगंगेकाठच्या पवनीची. वडील यादवराव प्राथमिक शाळेत गुरुजी. रविवारी सकाळी घरात बुद्धवंदना झाली, की बांबूची काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन ते नदीवर निघायचे आणि थोरली नंदा त्यांच्या मागे. धाकटी क्रांती दारात भोकाड पसरून बसायची, कारण तिला नेत नसत. दुपारी तिखट-हळद लावलेला मासा तव्यावर पडला, की तिचं रडं थांबायचं. पुढे नागपूरला इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, आणि अठ्ठ्याण्णव साली कंपनीने नंदाला दोन वर्षांसाठी म्हणून न्युरेम्बर्गला पाठवलं. ती दोन वर्षं अजून संपली नव्हती. ट्रान्सफॉर्मर तपासणाऱ्या विभागात आता तिच्या हाताखाली माणसं होती. लग्नाची स्थळं आली तशी गेली; त्यातलं एक, दोन वर्षं रेंगाळलं आणि मग तेही गेलं. बेचाळिसाव्या वर्षी ज्या नातेवाइकांनी लग्नाचं विचारायचं सोडलं होतं, त्यांच्याबद्दल तिला अलीकडे खरंखुरं प्रेम वाटू लागलं होतं.

माशांकडे ती वळली ती ऑफिसातल्या सोमवारमुळे. सोमवारी कॉफीच्या मशिनपाशी प्रत्येक जण विचारायचा, वीकेंडला काय केलंत? कोणी डोंगर चढलेला असायचा, कोणी सायकलवरून दुसऱ्या देशात जाऊन आलेला. नंदाने कपडे धुतलेले असायचे आणि झोप काढलेली असायची. चार-पाच सोमवार तिने हे उत्तर वेगवेगळ्या शब्दांत दिलं. मग शब्द संपले. निवृत्तीला आलेले हेर ब्रांडल एकदा म्हणाले, "फ्राउ मेश्राम, तुम्ही नदीकाठच्या ना? मग माझ्याबरोबर चला." नंदा गेली. मागे झोका, थांबणं, पुढे झोका; दोर डोक्यावरून सरसरत गेला आणि पाण्यावर पडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. बाबांचा गळ 'डुबुक' करायचा. तिला ते आठवलं आणि तिथेच ती अडकली. त्या हिवाळ्यात तिने परवान्याच्या परीक्षेसाठी माशांची जर्मन नावं, त्यांचे पंख आणि त्यांचे रोग पाठ केले. वर्गात बाई म्हणून ती एकटीच होती, आणि पास झाल्यावर पेढे वाटणारीही एकटीच.

क्रांती तिच्यामागून तीन वर्षांनी जर्मनीत आली, नवऱ्याबरोबर. यशपाल हायडेलबर्गला एका संशोधन संस्थेत प्रथिनांवर काम करायचा. त्यांची एकुलती एक मुलगी धम्मदीपा, घरात दीपा. इथल्याच बालवाडीत वाढलेली ही मुलगी सगळं मराठी समजायची आणि सगळं उत्तर जर्मनमध्ये द्यायची, फक्त आईशी आणि मावशीशी मराठीतच बोलायचं असा क्रांतीचा नियम होता. तो मोडत-मोडत पाळला जायचा. अवघड काही सांगायचं झालं की दीपाची मराठी संपायची.

दर ऑगस्टमध्ये दीपा आठवडाभर नंदाकडे राहायला यायची. वर्षातले इतर आठवडे नंदा या आठवड्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे ओळखायची. सातव्या वर्षापासून पोरीचा एकच हट्ट होता: मला पण शिकव. पण मुलांनी दहा वर्षं पुरी केल्याशिवाय त्यांना परवाना मिळत नव्हता. दोन हजार सातच्या जूनमध्ये दीपाला दहा पुरी झाली, राटहाउसमधून, म्हणजे नगरपालिकेतून, तिचा फोटो लावलेला परवाना आला, तो तिने शाळेच्या दप्तरात घालून वर्गभर फिरवला, आणि तेवढ्यात क्रांती आडवी आली.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी क्रांती विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून तिच्या घरात अंडंसुद्धा शिजेना. ती कुणाला उपदेश करत नसे, पण फ्रीजमध्ये तिने टोफू भरून ठेवला होता, आणि उपदेशापेक्षा तो जड पडायचा. यशपाल संस्थेतून येताना स्टेशनवर डोनर कबाब खायचा आणि घरात शिरायच्या आधी बडीशेप चघळायचा. क्रांतीला ते माहीत होतं. तिला ते माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. संसार सुखाचा चालला होता.

दीपाला घेऊन जायला नंदा हायडेलबर्गला आली, तेव्हा स्वयंपाकघरात बैठक बसली.

"ने तू तिला," क्रांती कणीक मळता मळता म्हणाली. "डोंगर दाखव, पाण्यात उभी कर, दोर फेकायला शिकव. पण जीव घ्यायचा नाही."

"अगं, बाबा दर रविवारी काय आणायचे, विसरलीस? आणि खायला सगळ्यात पुढे कोण असायचं?"

"नाही विसरले. तेव्हा खाल्लं. आता रोज सकाळी तिच्याकडून पंचशील म्हणून घेते मी, पाणातिपाता वेरमणी. सकाळी हे म्हणायचं आणि दुपारी माशाच्या डोक्यात दांडकं घालायचं, असं दहा वर्षांच्या मुलीनं कसं करायचं? मोठी होऊ दे, तिचं ती ठरवेल."

"ताई, मोठं होऊन ठरवता येतं असं काही नाही," यशपाल वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"अहो, तुम्ही बडीशेप खा."

नंदा हसली, पण क्रांती हसत नव्हती. पिठाचे हात तसेच परातीत ठेवून ती म्हणाली, "ताई, शब्द दे. नाहीतर राहू दे या वर्षी. आणि पुढच्याही वर्षी."

नंदाने शब्द दिला. तो काही तिने उडवाउडवीचा दिला नव्हता. तिने जागाच अशी निवडली होती. आल्प्समध्ये ओबरस्टडॉर्फच्या वर, गुरांच्या कुरणापलीकडे एक चिमुकला तलाव होता. इतक्या उंचावर थंडी फार आणि खाणं कमी, म्हणून तिथले जंगली ट्राउट मोठे होतच नसत. नंदा चार उन्हाळे तिथे जात होती. वीतभरापेक्षा मोठा मासा तिने पाहिला नव्हता. आणि कायदा म्हणत होता, सव्वीस सेंटिमीटरपेक्षा लहान ट्राउट सोडून द्यायलाच हवा. म्हणजे पोरगी मासा पकडणार, मासा पाण्यात परत जाणार, क्रांतीचं पहिलं शील शाबूत आणि बायर्न राज्याचा कायदाही शाबूत. नंदाला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. कायद्याची दुसरी बाजूही तिला ठाऊक होती: सव्वीसच्या वरचा मासा नुसती मजा म्हणून पकडून सोडून देता येत नाही, तो तिथल्या तिथे मारायचा आणि घरी नेऊन खायचा. पण ही बाजू त्या तलावात उपयोगाची नव्हती, म्हणून क्रांतीला सांगायचीही गरज नव्हती.

गाडीत दीपा खिडकीशी बसली. मांडीवर नियमांची पुस्तिका होती. ती तिने इतक्या वेळा वाचली होती की पानांचे कान दुमडले होते.

"मावशी, आपल्याला किती माश्या मिळणार?"

"मासे म्हणतात, राजा."

"नाही," दीपा ठामपणे म्हणाली. "फिश म्हणजे मासा. डेअर फिश, तो. पण फोरेले ती असते. डी फोरेले. म्हणून माशी. घोडा-घोडी, मासा-माशी."

जर्मनमध्ये ट्राउट स्त्रीलिंगी असतो हे तर खरंच होतं.

"तुला कुणी सांगितलं, माशी म्हणून?"

"आईनं. ती फोनवर नेहमी विचारते, ताई, माश्या मारणार का? तू फक्त फोरेलेच मारतेस ना? म्हणून."

नंदाला हसू आवरेना. पोरीने एवढ्या वर्षांत घरात खरी माशी कधी पाहिली असेल तर तिला ती 'फ्लीगे' म्हणूनच भेटली असणार. आता हा घोळ निस्तरायचा, म्हणजे आधी माशी, मग वाक्प्रचार, मग आईचा विनोद, एवढं सगळं सांगावं लागणार. शिवाय घोडा-घोडी, मासा-माशी हे ऐकायला इतकं गोड होतं की ते दुरुस्त करायचा तिला आळस आला. संध्याकाळी सांगू, असं म्हणून तिने डब्यातली थालीपीठं काढली.

गावाबाहेर फ्राउ झेटलर नावाच्या बाईंच्या घरात वरची खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने मिळायचं. खाली गोठा होता. तलावावरच्या दिवसभराच्या परवानगीची चिठ्ठीही त्याच फाडायच्या. त्यांनी दीपाचा परवाना चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला, "आल्झो, म्हणजे खरी कोळीण आली तर," म्हणाल्या, आणि दीपा पायऱ्या चढेपर्यंत फुगलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी वर चढल्या. धुकं उठत होतं, कुरणातल्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि तलाव इतका स्वच्छ होता की काठावरचा खडक पाण्यात कुठे शिरतो ते कळत नव्हतं. नंदाने दीपाच्या मागे उभं राहून तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मागे. थांब. पुढे. अगं थांब म्हटलं ना! झोपाळा मागे गेला की क्षणभर हवेत थांबतो की नाही? तस्सं."

"मी थांबले होते."

"तू नुसता थांबायचा विचार केलास."

पहिला तास दोर दीपाच्या टोपीत, नंदाच्या पाठीवर आणि एकदा एका झुडपात अडकला. झुडपातून माशी सोडवताना नंदा म्हणाली, "ही मी रविवारभर बसून बांधलीय हं. पिसं आहेत तितराची."

"फ्लीगे छान आहे," दीपाने मान्य केलं.

मग हात सुधारला. दहाच्या सुमाराला एक छोटा ट्राउट गळाला लागला, हाताच्या पंजाएवढा, अंगावर लाल ठिपके. दीपा किंचाळली आणि लगेच तोंडावर हात घेतला. पुस्तिकेप्रमाणे तिने आधी हात ओले केले, गळ हळूच काढला, मासा दोन्ही हातांत पाण्याखाली धरला आणि तो आपण होऊन निघून गेला. त्याच्यामागून असाच अजून एक. नंदाने मनातल्या मनात क्रांतीला फोन लावून सगळं खुशाल असल्याचं कळवलं.

जेवणं झाली. वारा पडला. खडकाच्या सावलीत पाण्यावर एक वर्तुळ उमटलं आणि नाहीसं झालं.

"तिथे," नंदा कुजबुजली. "वर्तुळाच्या जरा पुढे टाक."

मागे, थांबली, खरंच थांबली, पुढे. माशी कापसासारखी उतरली. पाणी फुगलं. दीपाची काठी अर्ध्यातून वाकली.

"मावशी! मावशी, ही ओढतेय!"

"ओढू दे. सैल सोड. आता गुंडाळ. हळू!"

नंदाने जाळी पाण्यात धरली आणि मासा तिच्यात आला. चार उन्हाळ्यांत या तलावात न दिसलेला मासा होता तो. पाठ जाड, बाजू पिवळ्याधमक. जाळीच्या दांड्यावर मोजायच्या खुणा होत्या. तिने जाळी पाण्याबाहेर न काढता मासा दांड्याला टेकवला. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सत्तावीस.

"किती?" दीपा काठी धरून, धापा टाकत विचारत होती.

"पंचवीस," नंदा म्हणाली. "थोडक्यात वाचली बाई. चल, सोडू."

"थांब, मला बघू दे."

"अगं, तिला त्रास होतोय..."

दीपा वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"मावशी, सत्तावीस आहेत."

"शेपटी कशाला धरतेस त्यात? शेपटीत काय असतं? नुसती झालर."

"शेपटीसकट मोजायचं. पुस्तिकेत चित्र आहे. तूच दाखवलंस."

"बरं, पण पाणी हलतंय, एक-दोन इकडे-तिकडे होणारच. भाजीवाली नाही का जुडी देताना..."

"मावशी," दीपा म्हणाली, आणि पुढचं सगळं तिने जर्मनमध्ये सांगितलं, सावकाश, कारण मावशीला समजणं महत्त्वाचं होतं. सव्वीसच्या वरची माशी सोडायची नसते. जी खायची नाही ती पकडायची नाही. आता सोडली तर आपण तिला नुसतं मजेसाठी टोचलं असं होईल.

नंदा पाण्यात गुडघ्यावर बसली. बायर्नमध्ये तिने स्वतः हेच वाक्य परीक्षेत लिहिलं होतं.

"दीपा, ऐक. तुझ्या आईला मी शब्द दिलाय. जीव घ्यायचा नाही. पहिलं शील कुठलं? सांग."

"पाणातिपाता." पोरीचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "आणि चौथं? मुसावादा. खोटं बोलायचं नाही. तू पंचवीस म्हणालीस."

जाळीतला मासा शांतपणे कल्ले हलवत होता. नंदाने पवनीच्या शाळेत, नागपूरच्या कॉलेजात आणि न्युरेम्बर्गच्या कंपनीत कितीतरी तोंडी परीक्षा दिल्या होत्या. इतक्या कमी शब्दांत तिला कुणी नापास केलं नव्हतं.

"गेनाऊ. बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "सत्तावीस. पाठ कर तिकडे."

दीपाने पाठ केली, पण नंदाच्या जाकिटाचं टोक मागून घट्ट धरून ठेवलं. नंदाने लाकडी दांडक्याचा एक घाव अचूक घातला, मग सुरी चालवली. बाबा हे काम तिला करू द्यायचे नाहीत. तेही तिला असंच मागे वळायला सांगायचे. जाकिटावरची मूठ सुटली नाही. मागून पुटपुटल्याचा आवाज येत होता. पाली होती की जर्मन, ते तिला ऐकू आलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

डोंगर उतरताना मासा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत होता. नंदाच्या डोक्यात फक्त फोन होता. क्रांतीचा फोन सातला यायचा. काय सांगायचं? सांगितलं तर पुढचा ऑगस्ट गेला. क्रांती आरडाओरडा करणारी नव्हती; ती नुसती "या वर्षी नको" म्हणायची आणि ते वर्ष संपतच नसे. दोन-तीन वर्षं अशी गेली की पोरगी तेराची होईल, आणि तेराव्या वर्षी कोण मावशीकडे येतं?

फ्राउ झेटलरांच्या वरच्या स्वयंपाकघरात नंदाने मासा साफ केला, आडवे चरे दिले, हळद, तिखट, मीठ चोळलं. मसाल्याची डबी तिच्या पिशवीत नेहमी असायची. दीपा टेबलावर हनुवटी टेकवून बघत होती.

"तू खाणार?"

"एक घास. तिला वाया घालवायचं नाही." मग जरा वेळाने, "तिखट कमी घाल."

तवा तापला, मासा चरचरला, आणि फोन वाजला. नंदाचे हात मसाल्याचे. दीपाने फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि आईशी बोलायचं म्हणून मराठीचं बटण दाबल्यासारखी सरळ बसली.

"आई! आम्ही माशी मारली!"

नंदाच्या हातातलं उलथनं थांबलं.

पलीकडून आलं ते क्रांतीचं खळखळून हसणं. "किती? एकच?"

"एकच. पण खूप मोठी!"

"अहो, ऐकलंत का? दोघी दिवसभर डोंगरावर बसून एक माशी मारून आल्या!"

"शाबास म्हणावं," मागून यशपालचा आवाज आला. "इथे आम्हाला तेवढीही मिळत नाही."

"आणि आता मावशी ती तळतेय," दीपा म्हणाली.

"तळतेय?" क्रांतीला श्वास घेता येईना. "तळा, तळा! कुरकुरीत करा! ताई कुठेय? काय शिकवतेय माझ्या मुलीला!"

दीपाने फोनवर हात ठेवला आणि मावशीकडे वळली. दुपारपासून तिच्या चेहऱ्यावर जे दाटून होतं ते सगळं उतरलं होतं.

"बघ," ती हळूच म्हणाली, "आई रागावलीच नाही. खरं सांगितलं की रागावत नाहीत."

नंदाने गॅस बारीक केला. काही न करता ती यातून सुटली होती. पोरगी खोटं बोलली नव्हती, नंदाही बोलली नव्हती. एका इकाराने सगळ्यांना वाचवलं होतं. आता फक्त गप्प बसायचं, मासा उलटायचा, आणि पुढचा ऑगस्ट पिशवीत. फक्त कधीतरी, या वर्षी नाही तर पुढच्या, दीपाला माशी म्हणजे काय ते कळणार होतं. तेव्हा तिला हेही कळणार होतं, की आई खऱ्यावर हसलीच नव्हती, आणि मावशी शेजारी उलथनं घेऊन उभी होती.

तिने हात पुसले आणि फोन घेतला.

"क्रांती, हसणं थांबव जरा. तिची माशी म्हणजे मासा."

"काय?"

"फोरेले. ट्राउट. तिनं पकडला, सत्तावीस भरला, कायद्यानं सोडता येत नव्हता. मी मारला. आणि तव्यावर आहे."

पलीकडचं हसणं थांबलं. तवा तेवढा चरचरत राहिला. दीपा एकीकडून दुसरीकडे बघत होती.

"एक गोष्ट सांगितली होती मी तुला, ताई," क्रांती म्हणाली. "एकच."

"हो."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. तिथले मासे लहानच असतात म्हणून दिला होता. आणि खरं सांगते, तरीसुद्धा पाळत होते. पंचवीस म्हणून सोडून देणार होते. तुझ्या मुलीनं पकडलं मला."

"पकडलं म्हणजे?"

"शेपटीसकट मोजून दाखवलं. मी म्हटलं, पहिलं शील. ती म्हणाली, आणि चौथं?"

मग मागे कुणीतरी फुसकन हसलं.

"अहो, हसू नका! हसण्यासारखं नाहीये हे!" क्रांती ओरडली, पण तिचा स्वतःचा आवाज शेवटी डळमळला. "चौथं शील म्हणाली? रोज सकाळी दात घासले का विचारलं तर धडधडीत खोटं बोलते ही मुलगी."

"दातांना माप नसतं म्हणून."

"मला राग आलाय, ताई. हे लक्षात ठेव. मी हसले म्हणून गेला असं समजू नकोस."

"नाही समजत."

"रडली का?"

"थोडी. माझं जाकीट धरून उभी होती."

क्रांतीने लांब श्वास घेतला. मग अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात विचारलं, "डोकं ठेवलंस की काढलंस?"

"ठेवलंय."

"बाबा डोकं नेहमी तुला द्यायचे."

"तू लहान होतीस. काटे लागतील म्हणून."

"मला हवं असायचं ते," क्रांती म्हणाली. "कधी बोलले नाही."

नंदाने तव्याकडे बघितलं. एवढ्याशा माशाचं एवढंसं डोकं, डोळा पांढरा झालेला. मग तिने मघापासून मनात असलेलं तेच विचारलं.

"पुढच्या वर्षी पाठवशील?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही ना?"

"बघू म्हणजे मी बरोबर येणार. खायला नाही हं, आधीच सांगते. जाळी मी धरणार आणि मोजणारही मीच."

"शेपटीसकट?"

"ताई, मासा करपतोय तुझा. फोन ठेव."

मासा खरोखरच एका बाजूने जास्त झाला होता. नंदाने तो ताटलीत काढला आणि डोकं वेगळं करून दीपासमोर ठेवलं. दीपाने ते मावशीकडे परत सरकवलं आणि पोटाकडचा बिनकाट्याचा एक घास तेवढा खाल्ला. दुसरा घेतला नाही. आता नंदाला माहीत होतं प्रश्न कुठला येणार आहे.

"माशी म्हणजे फोरेले नाही?"

"नाही."

"मग काय?"

"फ्लीगे."

दीपाने विचार केला. विचार करताना ती मागे जात होती, फोनमागून फोन, शुक्रवारमागून शुक्रवार. "म्हणजे आई विचारायची, तू फ्लीगे मारतेस का? आणि तुम्ही हसायचात?"

"माश्या मारणं म्हणजे काही न करता नुसतं बसणं. मराठीत तसं म्हणतात."

"पण तू तर केवढं काम करतेस!" दीपा खरोखर चिडली. "तुझ्यावर हसायची आई, आणि तू पण हसायचीस?"

"बहिणी आहोत, राजा."

हे काही दीपाला पटलं नाही. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात खालच्या गोठ्यातून, माशाच्या वासावर, एक गलेलठ्ठ माशी खिडकीतून आत आली, दोन घिरट्या घालून ताटलीच्या कडेवर बसली आणि पाय चोळू लागली.

"ही?" दीपाने कुजबुजत विचारलं.

"हीच."

नंदाचा हात सवयीने फडक्याकडे गेला. दीपाने तो वरचेवर धरला. मग नियमांची पुस्तिका हातात घेऊन, खिडकीचं दार सताड उघडून, ती त्या माशीला ताटलीवरून ओट्यावर, ओट्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून बाहेर हाकलेपर्यंत घरभर तिच्या मागे फिरली. मासा तोवर पार गार झाला. नंदाने डोकं खायला घेतलं.